न्हाण, ओटी आणि न बोललेलं: वयात येणाऱ्या मुलामुलींशी बोलायला जुने विधी उपयोगी पडतील का?

रानजाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मुलीला न्हाण आलं, म्हणजे पहिली पाळी आली, की तीन दिवस बाजूला बसवायचं, चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाऊ घालायचं, नवे कपडे, मखर, ओटी, बायकांची गाणी आणि गोडाचं जेवण. हा सोहळा शहरातून जवळजवळ गेला. सातारा, सांगली, सोलापूर भागात आणि कोकणातल्या काही घरांत तो अजून होतो. आमच्याच नात्यातल्या एका घरी यावरून सध्या वाद चालू आहे. आजीला थाटात करायचंय, आईला अजिबात नको. जिच्यासाठी हे सगळं आहे ती अकरा वर्षांची मुलगी गप्प आहे.

मी किशोरवयीन मुलामुलींच्या समुपदेशनाचं काम करते. शाळेत एका तासिकेत तक्ता लावून गर्भाशय दाखवलं जातं, पॅडचं पाकीट हातात दिलं जातं आणि घंटा वाजते. मुलींच्या मनातले प्रश्न त्यानंतर सुरू होतात आणि तेव्हा तिथे कोणी नसतं. न्हाणाच्या सोहळ्याकडे मी बघते ते यासाठी. त्यात वेळ आहे, ओळखीच्या बायका आहेत, आणि एरवी चारचौघांत कधीच न उच्चारलेला विषय त्या दिवशी सगळ्यांच्या देखत मान्य केलेला आहे. नाही ती फक्त माहिती.

तेव्हा माझा प्रश्न असा: सोहळ्यातलं शिवाशिवीचं आणि ‘आता ही लग्नाची झाली’ हे सांगण्याचं काढून टाकलं, आणि त्या जागी शरीराची, संमतीची, आजारांची, गर्भधारणेची खरी माहिती दिली, तर हे जमेल का? की असा विधी मुळातच सोडून द्यावा? तुमच्या घरातले अनुभव सांगा.

---

माजघर

माझं न्हाण झालं तेव्हा मी सातवीत होते. मखराला केळीचे खुंट लावले होते, हिरवं परकर-पोलकं, हातभर बांगड्या. शेजारपाजारच्या बायका, मावश्या, आत्या, सगळ्या आल्या. खूप कौतुक झालं, खोटं कशाला सांगू, मला आवडलं होतं. पण शिकवलं काय? लोणच्याला हात लावायचा नाही, पापडाच्या पिठाजवळ जायचं नाही, देवघराकडे फिरकायचं नाही, आणि आजपासून मुलांबरोबर खेळायचं नाही. रक्त कुठून येतं, का येतं, किती दिवस येईल, पुन्हा येईल का, हे कोणीच बोललं नाही. दुसऱ्या महिन्यात पुन्हा आलं तेव्हा मला वाटलं, काहीतरी आजार झाला.

गाण्यांमध्ये सगळं होतं म्हणा. पण ती गाणी लग्न झालेल्या बायका एकमेकींसाठी म्हणत आणि हसत. मला त्यातलं काही कळू नये असंच ते रचलेलं होतं.

एक आत्या मात्र रात्री माझ्याजवळ बसली. कापडाची घडी कशी घालायची, साबणाने धुऊन उन्हातच का वाळवायचं, पोटात दुखलं तर शेक कसा घ्यायचा हे तिने शांतपणे दाखवलं. तेवढंच काय ते मला पुढे उपयोगी पडलं. ती आत्या विधवा होती. मखराजवळ तिला येऊ दिलं नव्हतं, ओटी भरायलाही नाही.

---

पुराभिलेख

धागा चांगला आहे, पण जुन्या काळाबद्दल एक गोष्ट आधीच स्पष्ट व्हावी. ‘पूर्वी आपल्याकडे विधींमधून लैंगिक शिक्षण द्यायचे’ असं हल्ली बरेचदा ऐकायला मिळतं. महाराष्ट्रातल्या न्हाणापुरतं तरी ते खरं नाही.

एकोणिसाव्या शतकात, ज्या जातींत मुलींची लग्नं आठ-दहाव्या वर्षी होत, तिथे न्हाण येणं म्हणजे मुलीला नवऱ्याच्या घरी पाठवायची वेळ येणं. त्यानंतर गर्भाधानाचा संस्कार, म्हणजे फलशोभन, नवराबायकोच्या पहिल्या शरीरसंबंधाचा विधी. सोहळ्याचा अर्थ हा होता. म्हणूनच १८९१ साली संमतिवयाचा कायदा येऊन मुलींचं संमतिवय दहावरून बारा वर्षं झालं तेव्हा पुण्यात केवढा गदारोळ झाला! विरोधाचं नेतृत्व टिळकांकडे होतं आणि मुख्य मुद्दा हाच, की सरकार गर्भाधानाच्या विधीत हात घालतंय. बारा वर्षं हीसुद्धा आज आपल्याला अंगावर काटा आणणारी मर्यादा आहे.

त्याच्या थोडं आधी रखमाबाईंचा खटला झाला होता. अकराव्या वर्षी लग्न लावलेलं, नांदायला जायला त्यांनी नकार दिला. १८८४ मध्ये नवऱ्याने दावा लावला. १८८७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असं सांगितलं. तुरुंग पत्करेन, जाणार नाही, असं त्या म्हणाल्या. पुढे तडजोड झाली, त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोटला त्यांनी बायकांसाठी आयुष्यभर काम केलं.

हे सांगायचं कारण एवढंच, की ज्या सोहळ्यात मुलीच्या होकाराला जागाच नव्हती, त्यात ‘संमती’ हा धडा बसवायचा असेल तर वरवरची डागडुजी पुरणार नाही. तुम्ही नवं काही उभं करा, त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण ‘हे आमच्या परंपरेतच होतं’ असं मुलींना सांगू नका. त्यांना इतिहास आहे तसा कळू द्या.

---

कृष्णाकाठ

मी बावीस वर्षांची आहे. माझं न्हाण मला न विचारता केलं. गल्लीतल्या प्रत्येक घरी सांगावा गेला. दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर दुकानदार काका माझ्याकडे बघून हसले आणि मी पुढे बरेच दिवस त्या रस्त्याने गेले नाही.

बायका जमल्या, गप्पा झाल्या, कौतुक झालं, हे सगळं खरं. पण माझ्या शरीरात काय चाललंय ते कोणाला सांगायचं हे मी ठरवायला हवं होतं. संमती शिकवायची असेल तर सुरुवात इथूनच करा. मुलीला विचारा: तुला हे हवंय का? कोणकोण आलेलं चालेल? ती नाही म्हणाली तर विषय संपला. आजी रुसली तरी चालेल.

रानजाईताई, तुमच्या त्या घरातल्या मुलीला कोणी एकटीला बाजूला घेऊन विचारलंय का?

---

रानजाई

नाही विचारलं अजून. आधी तेच करते.

---

वीणकर

सोलापुरात आमच्या तेलुगू पद्मशाली समाजात मुलगी वयात आली की तिला लंगा-ओणी (परकर आणि अर्धी साडी) नेसवण्याचा कार्यक्रम अजून जोरात असतो. तीळ-गुळाची चिम्मिली खाऊ घालतात, मामाकडून कपडे येतात. पूर्वी घरात व्हायचं. आता हॉल, जेवणावळी, फोटोग्राफर, आणि चौकात मुलीच्या फोटोचा फ्लेक्ससुद्धा पाहिलाय. कर्ज काढून केलेले कार्यक्रम पाहिलेत.

या कार्यक्रमात शिक्षण घालता येईल का? खरं सांगतो, एवढ्या गर्दीत आणि स्पीकरच्या आवाजात काही होणार नाही. पण कार्यक्रमाच्या आधीचे काही दिवस मुलगी घरात असते, मामी, मावशी, आजी तिच्याभोवती असतात. बोलायची जागा ती आहे. माझ्या पत्नीने आमच्या मुलीच्या वेळी मुक्कामी आलेल्या पाहुण्या बायकांनाच आधी बसवून समजावलं. मुलीला पाळीत केस धुऊ देऊ नका, दही देऊ नका असं काही सांगायचं नाही, आणि तिने काही विचारलं तर ‘मोठी झालीस की कळेल’ म्हणायचं नाही. निम्म्या बायकांना स्वतःलाच विचारायचं होतं. दुपारभर त्याच बोलत होत्या.

---

वैनगंगा

गडचिरोलीतून लिहितेय. आमच्याकडे माडिया गोंडांच्या गावांत कुर्माघर असतं, पाळीच्या दिवसांत बायका-मुलींनी राहायची गावाबाहेरची झोपडी. पावसाळ्यात गळतं, साप-विंचवाची भीती, पाण्याची सोय नाही. काही गावांत आता पक्की बांधून तिथे न्हाणीघर, दिवे, खाटा केल्यात. यावर आमच्यातच मतभेद आहेत. पक्कं बांधलं म्हणजे प्रथेला पक्कं केलं, असं काहींचं म्हणणं. पण गावातल्या बायकांशी बोललं की आणखी एक गोष्ट ऐकू येते: तिथे कामातून सुटका असते आणि मोकळं बोलता येतं. नव्याने पाळी आलेल्या मुलीला जे कळतं ते तिथेच, मोठ्या मुलींकडून. अर्धं खरं, अर्धं भीतीचं. काही आरोग्य कार्यकर्त्या तिथे जाऊन बसतात, ते मला पटतं. प्रथा मोडण्याची वाट बघत त्या मुलींना तोवर अडाणी ठेवण्यात काय अर्थ आहे?

गोटुलबद्दलही, म्हणजे गावातल्या तरुण मुलामुलींनी एकत्र जमायच्या घराबद्दलही, कोणीतरी विचारेलच, म्हणून आधीच लिहिते. बस्तरच्या मुरियांच्या घोटुलवर १९४७ मध्ये व्हेरिअर एल्विन या मानववंशशास्त्रज्ञाचं मोठं पुस्तक आलं आणि तेव्हापासून बाहेरचे लोक या विषयाकडे भलत्याच कुतूहलाने बघतात. तिथे चेलिक (तरुण मुलगे) आणि मोटियारी (तरुण मुली) मिळून गाणी, नाच, गावकामं, वडीलधाऱ्यांचा मान, सगळंच शिकत. आमच्या जिल्ह्यात गोटुल आता बहुतेक ठिकाणी गावसभेची, पाहुण्यांच्या मुक्कामाची जागा आहे. कृपा करून ‘आदिवासींकडे सगळं मोकळं असतं’ असं म्हणू नका. आमच्या मुलींनाही लाज वाटते, भीती वाटते आणि माहिती मिळत नाही.

किती मिळत नाही ते १९८९ मध्येच जगाला कळलंय. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी इथल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला. या बायका दुखणं घेऊन गप्प बसायला शिकल्या त्या त्यांच्या पहिल्या पाळीपासून. राणीताईंनी पुढे तरुण मुलामुलींसाठी ‘तारुण्यभान’ शिबिरं सुरू केली, त्यामागे हेच होतं.

---

मुळा-मुठा

+१. शेवटचं वाक्य वाचून थांबले.

---

झांबेझी

मी नोकरीनिमित्त बरीच वर्षं झांबियात आहे. इथल्या बेंबा लोकांत मुलगी वयात आली की ‘चिसुंगू’ नावाचा विधी असायचा. मातीच्या मूर्ती आणि भिंतीवरची चित्रं, त्यांना ‘म्बुसा’ म्हणतात. प्रत्येक मूर्तीचं एक गाणं आणि प्रत्येक गाण्यात एक शिकवण. चालवणारी वयस्क, मानाची बाई, ‘नाचिम्बुसा’. ऑड्री रिचर्ड्स या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९३१ मध्ये तो बघितला आणि १९५६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं.

त्यांची एक नोंद या धाग्यासाठी महत्त्वाची आहे. बायका म्हणायच्या, आम्ही मुलींना शिकवतो. प्रत्यक्षात मुली बराच वेळ घोंगडीखाली झाकून बसवलेल्या असत, त्यांना समोरचं धड दिसतही नसे. शेती, घरकाम त्यांना आधीच येत होतं. विधी त्यांना नवी माहिती देत नव्हता. तू आता या बायकांपैकी एक आहेस आणि या जबाबदाऱ्या तुझ्या, एवढं ठसवत होता. वर माजघर काकूंनी मखराचं जे लिहिलंय त्याच्याशी हे किती जुळतं!

आता शहरात ही शिकवण लग्नाआधीच्या ‘किचन पार्टी’कडे गेली आहे. शिकवणाऱ्या बायकांना ‘अलांगिझी’ म्हणतात, त्यांची देशपातळीवर संघटनाही आहे. एचआयव्हीच्या साथीत या बायकांना बरोबर घेऊन काम झालं, कारण डॉक्टरपेक्षा त्यांचं ऐकलं जातं. पण इथल्याच स्त्रिया तक्रार करतात की सगळी शिकवण नवऱ्याला खूश ठेवण्याची आहे, नकार देण्याची नाही. शिकवणारी बाई बदलली नाही तर गाणं तेच राहतं.

---

सांजपर्व

इथे सगळं मुलींबद्दलच चाललंय. मला दोन मुलगे आहेत, तेरा आणि पंधरा. त्यांच्यासाठी काय आहे? मुंज आठव्या वर्षी झाली. तेव्हा ब्रह्मचर्य हा शब्द कानावर पडला, अर्थ कोणी सांगितला नाही, आणि त्या वयात सांगायची गरजही नव्हती. ज्यांच्यात मुंज होत नाही त्यांच्याकडे तेवढंही नाही. मुलाचा घसा फुटतो, मिसरूड येतं, मित्र चिडवतात, संपलं. उरलेलं सगळं तो मोबाइलवर बघतो. त्यात जे दिसतं तेच खरं नातं असं समजून बसतो.

माझ्या शाळेत मुलींना माहितीपट दाखवायचा असला की आम्हा मुलांना मैदानावर पाठवत. त्या दिवशी आम्ही काय शिकलो? की मुलींचं काहीतरी गुपित आहे आणि ते हसण्याचं आहे. पुढे ज्या मुलीच्या कपड्यावर डाग दिसला तिला हसणारे आम्हीच होतो.

---

डॉ. निर्गुडी

सांजपर्व, तुमचा प्रश्न फार गरजेचा आहे. माझ्याकडे तालुक्याच्या गावी पोरं येतात, दारात घुटमळतात, ‘अशक्तपणा आहे’ म्हणतात. खूप विचारल्यावर कळतं की रात्री झोपेत वीर्य बाहेर आलं आणि कोणीतरी सांगितलंय, एक थेंब म्हणजे शंभर थेंब रक्त. धात जाते म्हणून खचलेल्या या तरुणांसाठी मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विग यांनी १९६० मध्ये ‘धात सिंड्रोम’ हे नाव वापरलं. अजूनही तीच भीती, आणि त्या भीतीवर चालणारे रस्त्याकडेचे तंबूही तसेच. मुलांना सरळ सांगा: झोपेत वीर्य जाणं आणि हस्तमैथुन यांनी अशक्तपणा येत नाही, नपुंसकत्व येत नाही, उंची खुंटत नाही.

आणखी दोन गोष्टी मुलांना कोणीच सांगत नाही. वयात येताना बऱ्याच मुलांची छाती थोडी सुजल्यासारखी होते, दुखते. बहुतेकांची ती आपोआप कमी होते. या एका कारणासाठी पोहायला, खेळायला जायचं सोडलेली मुलं मी पाहिली आहेत. दुसरी गोष्ट जास्त तातडीची. वृषणात अचानक जोराची कळ आली, सोबत पोटात मळमळलं, तर लाजून घरी बसायचं नाही. वृषणाला पीळ पडलेला असू शकतो आणि साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर तो वाचण्याची शक्यता सर्वांत चांगली असते. रात्री कळ आली आणि सकाळी आईला सांगितलं, अशा मुलांचा एक वृषण काढावा लागतो. नुसत्या लाजेपायी!

---

खडूफळा (निवृत्त शिक्षक)

शाळेवर राग काढणं सोपं आहे, पण शाळेचेही हात बांधलेले होते. २००७ मध्ये लैंगिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमावरून वादळ उठलं आणि महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो शाळांमध्ये थांबवला. ‘आपल्या संस्कृतीत बसत नाही’ हे कारण. वर्गात पुनरुत्पादनाचा धडा आला की शिक्षक ‘घरी वाचा’ म्हणत, हे मी माझ्या सहकाऱ्यांचं बघितलंय.

ज्या महाराष्ट्रात हे झालं, त्याच महाराष्ट्रात र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं, आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. वाचक पत्रातून विचारत, ते सरळ उत्तर देत. अश्लीलतेचे खटले झाले, नोकरी आधीच गेली होती. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक प्रश्नांना उत्तर देणं म्हणजे अश्लीलता असेल तर ज्ञानच अश्लील ठरेल, या बाजूने ते लढले. कर्वे खटला हरले. पण संस्कृतीचं नाव घेऊन कोणी गप्प बसायला सांगितलं की मला हा खटला आठवतो. तीही आपलीच संस्कृती आहे.

आता सरकारी पातळीवर राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे, २०१४ पासून. दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी दवाखान्यांत ‘मैत्री’ क्लिनिक आहेत, शाळेतून लोहाच्या निळ्या गोळ्या मिळतात. पालकांना ते ठाऊक नसतं, हे दुःख.

---

पारिजात

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, तिला बौद्धिक अपंगत्व आहे. या चर्चेत आमच्यासारख्यांचा विचार कुठेच नसतो म्हणून लिहितेय.

ती नवव्या वर्षात असतानाच आम्ही सुरुवात केली. बाहुलीला चड्डी, त्यात पॅड, ते काढायचं, कागदात गुंडाळायचं, डब्यात टाकायचं, हात धुवायचे. रोज तोच क्रम, तीच गाणी. आपलं आपण रचलेलं साधं बडबडगीत. मग लाल रंग टाकून. पाळी आली तेव्हा ती घाबरली नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिने स्वतः टिकली लावली. कोण कुठे हात लावू शकतं, कोण नाही, आणि कोणी लावला तर ओरडायचं कसं, हेही त्याच पद्धतीने. पुन्हा पुन्हा केलेल्या गोष्टीतून तिला सुरक्षित वाटतं. विधीत जी ताकद असते ती मला तिथे कळली. पंडित नको, मखर नको. एक ठरलेला क्रम आणि रोज सोबत असलेलं माणूस.

आमच्या मुलींचं दुसरं टोक काय असतं तेही सांगते. १९९४ मध्ये पुण्यात, शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं शस्त्रक्रियेने काढली गेली. कारण काय दिलं, तर त्यांना पाळीची स्वच्छता जमत नाही. देशभर निषेध झाला तेव्हा ते थांबलं. शिकवण्याचा कंटाळा किती दूर जातो बघा. आजही नातेवाईक मला ‘काढून टाक ना, कशाला त्रास’ म्हणतात.

---

कृष्णाकाठ

पारिजातताई, ते गीत इथे लिहाल का? माझी मैत्रीण अशाच मुलांच्या शाळेत शिकवते.

---

पारिजात

हो, मुलीला विचारून लिहिते. तिचं आहे ते.

---

रानजाई

खूप शिकले सगळ्यांकडून. मी त्या मुलीशी बोलले. मोठा कार्यक्रम तिला नकोय, आजीच्या हातचं गोड हवंय, आणि प्रश्न विचारायचे आहेत पण ‘सगळ्यांसमोर नाही’. घरच्यांनी ते मानलंय.

पण तुमच्या प्रतिसादांतून मला एक मोठी गोष्ट दिसली. न्हाण रक्त दिसल्यावर येतं. माहिती त्याच्या आधी पोचायला हवी. माजघर काकूंची भीती असो, पारिजातताईंची बाहुली असो, फरक तिथेच पडला. शिवाय पहिल्या पाळीच्या आधीही बीज सुटू शकतं, म्हणजे गर्भ राहण्याची शक्यता पाळी दिसायच्या आधीपासून असते. उशीर परवडत नाही.

मग आधीचा कोणता प्रसंग धरायचा? माझं मत: एचपीव्हीची लस. गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी ही लस नऊ ते चौदा या वयात घेणं सगळ्यात चांगलं. पुण्यातच तयार झालेली ‘सर्व्हावॅक’ २०२३ पासून मिळते आणि ती मुलग्यांनाही देता येते. लस घ्यायला नेताना मूल विचारतंच, हे कशासाठी? तिथे विषय आपोआप उघडतो, लाज न वाटता. त्या दिवशी घरी आवडीचं जेवण, एक मावशी किंवा मामा मुक्कामाला, आणि ‘पुढच्या काही वर्षांत तुला जे विचारावंसं वाटेल ते या माणसाला विचार, तो रागावणार नाही’ एवढं स्पष्ट सांगणं. मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही हेच. डोस किती, कधी, ते डॉक्टर सांगतील.

---

पुराभिलेख

हे मला पटलं. यात लग्न कुठेच नाही.

---

वीणकर

माणूस कोण निवडायचं यावर आमच्याकडे भांडण होईल. आमच्यात मामाचा मान. पण प्रत्येक मामाच्या भरवशावर मूल सोडता येत नाही, हे आपण सगळे जाणतो.

---

रानजाई

बरोबर बोललात. म्हणून निवड मुलाने करायची, आणि माणसं दोन असावीत, एक घरातलं, एक बाहेरचं. त्याच दिवशी हेही सांगायचं, की घरातल्या कोणी नको तिथे हात लावला किंवा काही गुपित ठेवायला सांगितलं तर दुसऱ्याला सांग. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर पाठ करून घ्यायचा. अठरा वर्षांखालच्या कोणाशीही असं वागणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने गुन्हा आहे. दोष मुलाचा कधीच नसतो, हे दहाव्या वर्षी ऐकलेलं मूल बोलायला धजावतं.

आणि माजघर काकूंच्या आत्यासारख्या बायका पहिल्या रांगेत हव्यात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आपल्या घरातल्या ओटीसाठी ग्रामसभेचीही गरज नाही.

---

माजघर

आत्या आता नाहीत. पण माझ्या नातीच्या वेळी आमच्या घरातल्या विधवा काकूंना मीच पाटावर बसवीन.

---

सांजपर्व

डॉक्टर, मुलग्यांचं तुम्ही सांगितलंत. मुलींच्या बाबतीत आई-बापाने कुठे लक्ष ठेवायचं तेही लिहा. माझ्या पुतण्या आहेत, भावाला धागा पाठवतोय.

---

डॉ. निर्गुडी

पहिली एक-दोन वर्षं पाळी अनियमित असते, दोन पाळ्यांत एकवीस ते पंचेचाळीस दिवसांचं अंतर चालतं. त्यासाठी लगेच गोळ्या चालू करू नका. थोडं पांढरं जाणं नैसर्गिक आहे. त्याला खाज, घाण वास किंवा हिरवट-पिवळा रंग असेल तर दाखवा. पॅड असो की कापड, चार ते सहा तासांनी बदलायचं.

दाखवायला कधी आणायचं? आठ वर्षांच्या आधी छातीची वाढ दिसली तर. पंधरा पूर्ण होऊनही पाळी आली नाही तर. सात दिवसांपेक्षा जास्त रक्तस्राव झाला, तास-दोन तासांत पॅड भरू लागलं, मुलगी पांढरीफटक दिसू लागली तर त्याच दिवशी. पोटदुखीने दर महिन्याला शाळा बुडत असेल तर ‘बायकांना सोसावंच लागतं’ म्हणून घरी ठेवू नका, त्यावर उपचार आहेत.

आणि एक, जे सहज निसटतं. मुलगी तेरा-चौदाची, बाकीची वाढ व्यवस्थित, पाळी मात्र नाही, आणि दर महिन्याला ठराविक दिवशी ओटीपोटात दुखतं. अशा वेळी पाळी आत येत असू शकते, पण योनीमार्गावरच्या पडद्याला जन्मतः छिद्र नसल्यामुळे रक्त बाहेर पडू शकत नाही, साठत जातं. छोट्या शस्त्रक्रियेने ती पूर्ण बरी होते. अशा मुलींना जंताचं औषध, अपेंडिक्सची शंका, बाहेरची बाधा, सगळं करून माझ्याकडे आणतात. ‘पाळी आली का?’ हा एक प्रश्न घरात कोणी विचारलेला नसतो. तुमच्या पुतण्यांच्या आईला हे आवर्जून वाचायला द्या. भावालाही.